झोप कुणाच्या भरवशावर?

शुक्रवारची संध्याकाळ झाली की पुण्यात संगमवाडीपासून वाकडपर्यंत रस्त्याच्या कडेला माणसांचे पुंजके उभे दिसू लागतात. पाठीवर सॅक, हातात मिठाईचा खोका, कानात गाणी आणि नजर येणाऱ्या गाडीच्या पाटीवर. मुंबईत हेच दृश्य सायनला, चेंबूरला, बोरिवलीला. नागपुरात गणेशपेठेच्या आसपास. कुणाला लातूर गाठायचे असते, कुणाला अकोला, कुणाला सावंतवाडी तर कुणाला पणजी. रात्री नऊ-दहाच्या सुमारास या गाड्या शहराची वेस ओलांडतात, आतले दिवे मालवतात, पडदे ओढले जातात आणि महाराष्ट्रातली हजारो माणसे धावत्या गाडीत झोपी जातात. सकाळी आई दार उघडते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘झोप लागली का रे गाडीत?’

हा प्रश्न आपण सहज विचारतो आणि त्याचे उत्तरही सहज मिळते. पण गेल्या तीन-चार वर्षांतल्या काही बातम्या आठवल्या की या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे हे ध्यानात येते. आपल्याला झोप लागली, ती कुणाच्या भरवशावर? आणि ज्याच्या भरवशावर ती लागली, त्याला आदल्या दिवशी झोप लागली होती का?

लाल डब्यातली झोप

मागे वळून पाहिले तर बसमध्ये निवांत झोपण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एसटीची पहिली गाडी धावली. पुढे गावोगावी एसटी पोचली, पण तिच्यात झोपणे म्हणजे वेळ मारून नेणे होते. समोरच्या लोखंडी दांड्यावर दोन्ही हात, हातांवर कपाळ आणि खड्डा आला की कपाळाला टेंगूळ. खिडकीशी बसलेला भाग्यवान, कारण त्याला डोके टेकायला काच तरी असे. ती काच रात्रभर खडखडत असे ही गोष्ट वेगळी. मधल्या जागेवरच्या माणसाचे डोके मात्र शेजाऱ्याच्या खांद्यावर कलायचे. शेजारी सज्जन असला तर तो ते सहन करायचा, नाहीतर खांदा उडवून परत पाठवायचा.

बँकेच्या नोकरीत बदल्या आणि शाखांची तपासणी ही दोन व्रते मी तीसेक वर्षे पाळली. त्यामुळे रातराणीचा प्रवास अंगवळणी पडला. नांदेड, परभणी, चंद्रपूर, चिपळूण अशा गावांना रात्रीची गाडी पकडायची आणि सकाळी दाढी करून शाखेत हजर व्हायचे हा शिरस्ता. त्या काळी गाडीत गाढ झोपणारा माणूस आम्हाला सिद्धपुरुष वाटे. मग १९८२ सालच्या दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांनंतर तिथल्या गाड्या एसटीकडे आल्या आणि ‘एशियाड’ हे नाव आपल्या भाषेत कायमचे राहिले. पाठ टेकायला बरी, गुडघ्यांना थोडी जागा, एवढ्यावरही आम्ही खूश होतो. त्याच सुमारास खासगी ‘लक्झरी’ आल्या आणि त्यांच्याबरोबर व्हिडिओ आला. पाठ मागे कलायची सोय झाली, पण डोक्यावर मध्यरात्रीपर्यंत खलनायकाचे हसणे सुरू! पुढे वातानुकूलित गाड्या आल्या, हवेच्या फुग्यांवर तरंगणारी चाके आली आणि शेवटी आगगाडीसारखे आडवे होऊन झोपण्याचे बर्थ आले. एसटीनेही शिवनेरी, शिवशाही, शयन-आसनी अशा पायऱ्या चढून पाहिल्या. आज विशीतल्या मुलाला लाल डब्यातली रात्र सांगितली तर ती त्याला आजोबांच्या गोष्टींसारखी वाटते.

सोय वाढली यात शंका नाही. तरीही बसमध्ये झोप नीट लागत नाही ही तक्रार घरोघरी आहेच. त्याचे कारण आधी पाहू, म्हणजे पुढचा मुद्दा नीट समजेल.

बसून झोपणे शरीराला का जमत नाही?

झोप म्हणजे एकसलग गुंगी नव्हे. ती साधारण दीड-दीड तासांच्या फेऱ्यांनी येते. प्रत्येक फेरीत उथळ झोप, गाढ झोप आणि मग स्वप्नांची झोप असा क्रम असतो. झोप गाढ होत जाते तसे स्नायू सैल पडतात आणि स्वप्नांच्या टप्प्यात तर मानेचे आणि हातापायांचे स्नायू जवळजवळ निकामी होतात. अंथरुणावर त्याचे काही बिघडत नाही. बसलेल्या माणसाचे मात्र साडेचार-पाच किलोचे डोके एकदम छातीवर किंवा शेजाऱ्यावर आदळते आणि तो दचकून जागा होतो. म्हणजे बसल्या जागी आपल्याला झोप येत नाही असे नाही. ती गाढ होऊ लागली की आपलेच डोके आपल्याला उठवते. सकाळी आठ तास ‘झोपून’ही अंग आंबलेले असते ते यामुळे.

म्हणून बसून प्रवास करणाऱ्याने पहिली सोय मानेची करावी. बाजारात मिळणारी अर्धवर्तुळाकार उशी पुष्कळजण मानेच्या मागे जाड बाजू येईल अशी घालतात आणि मग डोके पुढे ढकलले जाते. डोके पुढे पडणाऱ्याने तिची जाड बाजू हनुवटीखाली घेऊन पाहावी. उशी नसेल तर शाल किंवा टॉवेल गुंडाळून कानाखाली खोचावा. खिडकीची जागा मिळाली तर एक बाजू आपोआप सांभाळली जाते. पाठ शक्य तेवढी मागे कलवावी, मात्र मागच्या प्रवाशाला एकदा विचारून. जागा निवडायची असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली निवडावी. मागच्या चाकांच्या पाठीमागचा भाग फळीच्या टोकासारखा उडतो. शेवटच्या बाकावर कॉलेजची पोरे का बसतात आणि बाकीचे का बसत नाहीत, याचे उत्तर त्यात आहे. स्लीपरमध्ये वरचा बर्थ खालच्यापेक्षा जास्त झुलतो. ज्यांना घाटात मळमळते त्यांनी आणि गुडघेदुखीवाल्यांनी खालचाच घ्यावा.

दुसरी गोष्ट पायांची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक वेळ हालचाल न करता बसून प्रवास केला तर पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. हे विमानाला लागू आहे तसेच बसला आणि मोटारीलाही. मुळात ही शक्यता फार कमी असते, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. पण वयस्कर माणसे, गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले टाकावीत आणि बसल्या बसल्या घोटे फिरवत राहावे. पाणी पिऊ नये म्हणजे मध्येच उतरावे लागणार नाही, हा आपल्याकडचा, विशेषतः बायकांचा, जुना तोडगा याच कारणाने चुकीचा आहे. दोष अर्थात बायकांचा नाही. रात्री दोन वाजता गाडी ज्या ढाब्यावर थांबते तिथल्या स्वच्छतागृहाचा आहे.

पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली येते. नेमकी तेव्हाच गाडीतली थंड हवा बोचू लागते. तेव्हा पांघरूण आपलेच न्यावे, मोबाइल निघाल्यावर अर्ध्या तासात बंद करावा आणि रात्रीचे जेवण घरून हलके करून निघावे. ढाब्यावरची शेवभाजी चवीला उत्तम, पण मध्यरात्री ती झोपेची वैरीण होते.

इथपर्यंत सगळे आपल्या हातात आहे. आता आपल्या हातात नसलेल्याकडे वळू.

रात्र विकत का घ्यावी लागते?

आपण रात्रीच का निघतो, याचा हिशेब कुणी फारसा मांडत नाही. मी जन्मभर हिशेबच केले, तेव्हा तो मांडून पाहतो. बीड किंवा बुलडाण्याचा मुलगा पुण्याच्या एखाद्या कंपनीत असतो. त्याला आठवड्याची सुटी एक किंवा दोन दिवस. दिवसा प्रवास केला तर ती सुटी रस्त्यावरच संपते. रात्री निघाला तर सुटी वाचते. मुंबईला मुलाखतीला, मंत्रालयात किंवा टाटा रुग्णालयात येणारा माणूस रात्री निघून सकाळी पोचतो, काम उरकतो आणि रात्री परततो. त्याचा लॉजचा खर्च वाचतो. रेल्वेचे आरक्षण कधीच भरलेले असते आणि कित्येक तालुक्यांना रेल्वे नाहीच. म्हणजे रात्रीची बस ही एकाच वेळी वाहन, लॉज आणि वाचवलेली रजा असते. इतका स्वस्त सौदा दुसरीकडे कुठे मिळणार?

ज्या प्रदेशांत पोटापुरते काम नाही तिथली मुले कामाच्या शहरांत येतात, आणि दोहोंमधले अंतर ती आपल्या झोपेने भरून काढतात. विदर्भ-मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे रोज रात्री निघणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या की राज्याच्या विकासाचा असमतोल समजायला वेगळा अहवाल वाचावा लागत नाही. गणपतीला कोकणाकडे उलट्या दिशेने जाणाऱ्या गाड्याही तीच गोष्ट सांगतात.

या सौद्यात सर्वांची झोप सारखी नसते, हेही सांगायला हवे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि स्त्रियांचा एकटीने होणारा प्रवास डोळ्यांत भरण्याइतका वाढला. पण एकटी निघालेली मुलगी रात्रीच्या गाडीत एक डोळा उघडा ठेवूनच झोपते. शेजारी कोण येणार, पडद्याला कडी नाही, पर्स कुठे ठेवायची, पहाटे साडेचारला बाहेरच्या फाट्यावर उतरवले तर काय करायचे, ही यादी तिच्या डोक्यात रात्रभर चालू असते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. या आजोबांना मध्यरात्री दोनदा उठावे लागते आणि गाडी तर ठरल्या जागीच थांबते. आरामाची झोप ही गाडीच्या किमतीवर अवलंबून असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती प्रवासी कोण आहे यावरही अवलंबून असते.

जागणारा एकटा

आता त्या बातम्यांकडे येऊ.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस नाशिकजवळ ट्रकला धडकून पेटली. बारा जण गेले. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली गाडी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. आतले तेहेतीसपैकी पंचवीस जण होरपळून गेले. २४ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे आंध्रातल्या कर्नूलजवळ हैदराबादहून बंगळुरूला जाणाऱ्या बसखाली मोटारसायकल आली, आग भडकली आणि झोपेतल्या प्रवाशांपैकी वीसच्या आसपास जीव गेले. त्याच्या दहाच दिवस आधी राजस्थानात जैसलमेरहून निघालेली स्लीपर बस भर दुपारी पेटली आणि वीसहून अधिक माणसे गेली.

प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी आणि चौकश्याही वेगळ्या. सगळ्यांचे खापर चालकाच्या झोपेवर फोडणे अन्यायाचे होईल. तरी घड्याळाकडे पाहा. चारपैकी तीन अपघात मध्यरात्र आणि पहाट यांच्या मधले आहेत. या वेळेला अर्थ आहे. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते रात्री दोन ते सहाच्या दरम्यान सर्वांत मंद चालते. दुपारी जेवणानंतर त्याची एक लहान आवृत्ती येते, तिचा अनुभव बँकेच्या काउंटरवर आम्ही नित्य घेत असू. रात्रीच्या या चार तासांत चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, मोठ्याने गाणी यांनी थोडी मुदत वाढवून मिळते, कर्ज माफ होत नाही. डोळे उघडे असूनही मेंदू तीन-चार सेकंद मिटतो. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी बस चार सेकंदांत शंभर मीटरांहून अधिक अंतर कापते. तेवढे अंतर गाडीला कुणी मालक नसतो.

संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली आहे. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस ज्या ढिलाईने प्रतिसाद देतो ती ढिलाई रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी असते. आपल्या कायद्यात वाहन चालवताना तीस मिलिग्रॅमच्या वर गेले की गुन्हा. म्हणजे सकाळी आठला उठलेला चालक दिवसभर इकडेतिकडे करून संध्याकाळी गाडीवर बसला, तर मध्यरात्री एकला त्याची अवस्था गुन्हेगार ठरवावी अशी असते. फरक इतकाच की मद्य तोंडाला नळी लावून सापडते. झोपेसाठी तशी नळी नाही.

चांगल्या रस्त्याने या प्रश्नात एक विचित्र भर घातली आहे. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये थेट मुंबईच्या दारापर्यंत, पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. वेळ वाचला, हाडे वाचली. पण वळण नाही, खड्डा नाही, समोरून वाहन नाही, गाव नाही, गाय नाही, अशा रस्त्यावर चालकाला करायला काही उरत नाही. जुन्या घाटात वळणागणिक प्रवासीही जागा असे आणि चालकही. गुळगुळीत रस्ता दोघांनाही सारखीच अंगाई म्हणतो. म्हणून रस्ता जितका सरळ, तितकी चालकाच्या विश्रांतीची व्यवस्था कडक असायला हवी होती. आपण रस्ता आधी बांधला आणि विश्रांतीचा विचार नंतर सुरू केला.

गेल्या वर्षी रात्री अडीचला एका ढाब्यावर गाडी थांबली असता मी चालकाशी बोलत उभा होतो. तिशीतला पोरगा, वऱ्हाडातला. विचारले, ‘भाऊ, दिवसा झोप होते का?’ तो हसला. म्हणाला, ‘काका, सकाळी गाडी लावतो, धुऊन घेतो. मंग डिकीतच पडतो. ऊन चढलं का डिकी तापते. चार वाजता पुन्हा नंबर लागते.’ दुसरा चालक कुठे, असे विचारल्यावर त्याने क्लीनरकडे बोट दाखवले. क्लीनर विशीचाही वाटत नव्हता. त्यानंतर माझ्या बर्थवरची गादी मऊ होती की कडक, हे मला आठवत नाही.

कायदा आहे, किल्ली नाही

कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी दिवसाला दहापर्यंत सूट दिली आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि जुना कायदा त्यांत विलीन झाला. दिवसाच्या आठ तासांचे तत्त्व तसेच राहिले. नागपूर-पुणे हा बारा-तेरा तासांचा प्रवास एकाच चालकाने करणे यात कुठेच बसत नाही. एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत मध्येच एखाद्या आगारात चालक बदले, नवा माणूस आरसा नीट करून बसे, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ती काही सरकारी चैन नव्हती.

युरोपात बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते आणि किती तास चाक हातात होते याची नोंद गाडीतले यंत्र आपोआप करते. मालकाच्या वहीवर तिथे विश्वास ठेवत नाहीत. चीनमध्ये एके काळी स्लीपर बस फार होत्या. २०११ आणि २०१२ मधल्या भीषण अपघातांच्या सुमारास त्यांनी नव्या स्लीपर बसची नोंदणीच थांबवली आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांनी पहाटे दोन ते पाच या वेळात थांबावे असा दंडक घातला. आपल्याकडे स्लीपर बंद करावी का, यावर मतभेद होतील. पण बर्थच्या दोन मजल्यांमधली अरुंद वाट, उंच बसलेले प्रवासी, एकच दार आणि मागच्या संकटकालीन दारासमोर बसवलेली जादा गादी, हे मिश्रण धोक्याचे आहे, यावर मतभेद होऊ नयेत. सिंदखेडराजाला गाडी दाराच्या बाजूवर पडली आणि दारच जमिनीखाली गेले. आडवे पडून मिळणारा आराम आणि उठून बाहेर पडायला लागणारे सेकंद यांचे नाते उलटे आहे. गाडी घेणाऱ्याने आणि तिला परवाना देणाऱ्याने ते आधी तपासायचे असते.

इथे मला माझी जुनी नोकरी आठवते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. कुणी चोर आहे असे गृहीत धरून हा नियम झालेला नाही. एकटा माणूस, कितीही प्रामाणिक असला तरी, दमतो, आजारी पडतो, चुकतो, हे शहाण्या लोकांनी मान्य केले म्हणून तो झाला. रात्री रोकड जुळली नाही तर दहा रुपयांसाठी आम्ही सगळे थांबत असू. दहा रुपयांची इतकी काळजी घेणाऱ्या समाजात तीस-पस्तीस जिवांची तिजोरी रात्रभर एका किल्लीवर, तीही झोपाळलेल्या, कशी काय सोपवली जाते?

उत्तर पुन्हा हिशेबातच आहे. दुसरा चालक म्हणजे दुसरा पगार. खासगी गाड्यांची स्पर्धा भाड्यावर आणि वेळेवर चालते. दोनशे रुपये कमी घेणारी आणि अर्धा तास आधी पोचवणारी गाडी आधी भरते. २०१८ मध्ये राज्य सरकारने खासगी गाड्यांचे भाडे एसटीच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये असे ठरवले. दिवाळीत त्याचे काय होते ते वाचकांना सांगायला नको. निदान भाड्याकडे सरकारचेही लक्ष असते आणि आपलेही. चालकाच्या तासांकडे कुणाचे? तिकीट काढताना मोबाइलवर आपण बर्थ कुठला, चार्जिंग आहे का, ब्लँकेट मिळेल का, एवढे सगळे पाहतो. चालक किती, हा रकाना तिथे नसतो. रकाना नाही, कारण आपण तो मागितला नाही.

काय मागावे?

मागण्या अवघड नाहीत. रात्री आठ तासांहून लांब जाणाऱ्या प्रत्येक गाडीत दोन परवानाधारक चालक, आणि त्यांची नावे तिकिटावर. चाक कुणाच्या हातात किती तास होते याची यंत्राने घेतलेली नोंद, आणि टोलनाक्यावर ती तपासण्याची सोय. वेग मोजण्यासाठी आपण जागोजागी कॅमेरे लावले, तास मोजणे त्याहून कठीण नाही. महामार्गावर आणि शहरांतल्या ट्रॅव्हल्सच्या तळांवर चालकांसाठी पंख्याखालची, अंधाराची, स्वच्छ झोपण्याची जागा. इंधनाच्या पंपाला जागा मिळते तिथे चार खाटांनाही मिळू शकते. आणि संकटकालीन दार, काच फोडण्याची हातोडी, आग विझवण्याचे नळकांडे यांची वर्षातून एकदा कागदावर नव्हे तर गाडीत चढून तपासणी. शाखा तपासायला गेलेला अधिकारी तिजोरी उघडून नोटा मोजतो, ‘रोकड बरोबर आहे’ या सहीवर परत येत नाही.

आपल्या बाजूने करण्यासारखेही काही आहे. तिकीट काढताना फोन करून एकदा विचारावे, चालक दोन आहेत ना? दहा घरांतून हा प्रश्न गेला तर अकराव्या दिवशी मालक उत्तर तयार ठेवेल. गाडीत शिरल्यावर चादर पसरण्याआधी संकटकालीन दार कुठे आहे आणि हातोडी जागेवर आहे का हे पाहावे. मुलांनाही दाखवावे, त्यांना ते लगेच लक्षात राहते. गाडी पहाटे चहासाठी थांबली आणि चालक अर्धा तास डोळे मिटून बसला, तर घड्याळाकडे बोट दाखवून त्याला उठवू नये. सकाळी सातऐवजी साडेसातला पोचलो तर काय बिघडते? उशीर झाला म्हणून ओरडणारे प्रवासी आणि त्यासाठी दंड करणारा मालक, हे दोघे मिळून त्या चालकाला जागवत असतात.

चालकाच्या झोपेचा प्रश्न आपण आजवर त्याचा खासगी प्रश्न मानला. झोप काढायची की पत्ते कुटायचे ते त्याने पाहावे, असा आपला सूर असतो. पण त्याच्या झोपेवर आपल्या मुलाबाळांची झोप उभी आहे. ठेवीदार बँकेत पैसे ठेवून घरी जाऊन निश्चिंत झोपतो, कारण मागे कुणीतरी तपासणी करत असते हे त्याला ठाऊक असते. बसमधला प्रवासी त्याहून मोठी ठेव ठेवतो आणि पावती म्हणून हातात घेतो ती फक्त आसन क्रमांकाची.

तेव्हा सकाळी मुलगा बॅग टेकवून चहाला बसला की ‘झोप लागली का?’ हे अवश्य विचारावे. त्याला जोडून आणखी एक विचारावे, ‘गाडीला चालक किती होते?’ त्याला सांगता आले नाही, तर पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी तो चौकशी करील. सध्या एवढीच सुरुवात आपल्या हातात आहे, आणि ती फुकट आहे.